दुसऱ्या परीक्षकांना नको असलेली वाळू

‘संस्थेचं नाव’ या रकान्यापाशी आमचं घोडं अडलं.

रविवारची दुपार होती. बोईसरला मुलाच्या घरी, कॉलनीतल्या दुसऱ्या मजल्यावर, सून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती आणि मी तिच्या शेजारी चष्मा कपाळावर चढवून. शोधनिबंध तयार होता. सातपाटीच्या किनाऱ्यावरची वाळू पावसाळ्यात कुठे जाते, हिवाळ्यात किती परत येते, हा विषय. नकाशे माझे, आलेख सुनेचे. भूविज्ञानाच्या एका मोठ्या जर्नलच्या संकेतस्थळावर आम्ही एकेक पान भरत चाललो होतो. नाव झालं, ईमेल झाला. आता संस्था. मला कॉलेज सोडून इतकी वर्षं झाली की माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी तिथे विभागप्रमुख झाली, आणि तीही आता निवृत्तीला टेकली आहे.

“सोडून दे तो रकाना,” मी म्हटलं.

“सोडला तर पुढचं पान उघडत नाही, आई.”

“मग लिही, सातपाटी.”

“सातपाटी ही संस्था नाही.”

“तू तिथे भावकीची बैठक पाहिलेली नाहीस.”

ती हसली, पण लिहिलं नाही. सून एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माहेर साताऱ्याकडचं, स्वभाव मोजूनमापून. लग्न होऊन आली तेव्हा सुक्या बोंबलाचा वास आला की खिडकी उघडायची. आता त्याचीच चटणी डब्यात नेते आणि कुणाला देत नाही. तिने बराच विचार करून रकान्यात ‘स्वतंत्र संशोधक’ असं भरलं. मला ते वाटणी मागून वेगळ्या निघालेल्या जावेसारखं वाटलं. पण पान उघडलं, म्हणून चालवून घेतलं.

या निबंधातली सगळ्यात जुनी मोजमापं ज्या मुलीने घेतली तिला मी चांगली ओळखते; तेव्हा ती मला रोज आरशात भेटायची. फार शिष्ट होती. पालघरच्या कॉलेजात भूगोल शिकवायला नुकतीच लागलेली, कडक इस्त्रीची साडी, पायात बंद बूट, डोक्यावर पांढरी टोपी. गाव स्वतःचं, किनारा स्वतःचा, तिथली वाळू लहानपणी खाल्लेली. पण काठ्या घेऊन उतरली की अशी चालायची जणू आत्ताच विमानातून उतरली आहे. आईने लांबून हाक मारली तर “आत्ता नको, काम चालू आहे,” असं रेडिओवरच्या मराठीत उत्तर द्यायची. आई संध्याकाळी तेच वाक्य त्याच सुरात म्हणून सगळ्या आळीला हसवायची. तेव्हा त्या मुलीला राग यायचा. आता मला वाटतं, आईने नक्कल थोडी कमीच केली.

किनारा मोजायची तिची पद्धत अगदी साधी होती, अजूनही तीच आहे. दोन सारख्या उंचीच्या काठ्या, त्यांच्यावर आखलेल्या रेघा, आणि मधे ठरावीक लांबीची दोरी. बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर एक खूण कोरली आहे, तिथून सुरुवात करायची. एक काठी वर, एक खाली. वरच्या काठीवरून खालच्या काठीकडे आणि पलीकडे समुद्र नि आभाळ मिळतात त्या रेघेकडे नजर लावायची, की वाळू किती उतरली ते कळतं. मग दोन्ही काठ्या पुढे. असं करत पाण्यापर्यंत जायचं. ओहोटी संपायच्या आत काम उरकलं पाहिजे.

एकदा ते उरकलं नाही. भरती लागली. दुसऱ्या दिवशी नेमकी तीच रेषा सापडावी म्हणून त्या हुशार मुलीने वरच्या अंगाला बांबू रोवले, त्यांच्यात दोरी ताणून बांधली, पुठ्ठ्यावर ‘मोजमाप चालू आहे, हात लावू नये’ असं सुवाच्य अक्षरात लिहून टांगलं आणि घरी गेली. सकाळी येऊन पाहते तर दोरीला बोंबील. जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने, पहिल्या बांबूपासून शेवटच्या बांबूपर्यंत. आमच्याकडे बांबूंना ताणून बांधलेली दोरी म्हणजे वलांडी, बोंबील वाळवायची जागा. ती रिकामी दिसली की बाई टोपली घेऊन पुढे होणारच. तिला अडवील असा पुठ्ठा अजून निघालेला नाही. तो पुठ्ठाही वाया गेला नव्हता. त्याच्यावर कुणीतरी कोलंबी पसरली होती.

ती मुलगी हे बोंबील कुणाचे म्हणून विचारत किनाराभर फिरली. तिच्या आईचेच निघाले. बोंबील वाळेपर्यंत संशोधन थांबलं.

आता या गोष्टीतली मुख्य वाळू. गणपती उठले, पाऊस उघडला की सातपाटीतल्या बायका आपापलं खळं तयार करायला घेतात. खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. पावसाळ्यात ती धुपून जाते, चिखल वर येतो, दगड उघडे पडतात. मग ओहोटीच्या वेळी खालची स्वच्छ वाळू पाटीत भरायची, डोक्यावरून वर आणायची, पसरायची. तिच्यावर जुनं जाळं अंथरायचं आणि जाळ्यावर जवळा. दरवर्षी. माझी आजी हे करत होती, आई करत होती, भावजय करते. कुणी कुणाला सांगत नाही, कुणी विचारत नाही. भिंतीला चुना काढावा तसं ते काम.

त्यामुळे त्या मुलीच्या आकड्यांत आश्विन-कार्तिकात किनाऱ्याच्या वरच्या अंगाला एक उंचवटा दिसायचा. समुद्राने अजून वाळू परत आणलेली नाही आणि वर मात्र वाळू वाढली आहे. तिने आपला पहिला पेपर, हो, याच जर्नलला, टाइप करून, तीन प्रती काढून, पालघरच्या पोस्टातून पाठवला. परीक्षकांनी कळवलं की हे आकडे विसंगत आहेत, वगळावेत. आणि तिने ते वगळले. आपल्या डोळ्यांनी आईच्या डोक्यावरची पाटी पाहिलेली बाई, विसंगत म्हटल्याबरोबर मान डोलावून मोकळी झाली. वर उत्तरात परीक्षकांचे आभार किती मानावेत? सुरुवातीला मानले, मधे मानले, शेवटी पुन्हा ‘आपल्या बहुमोल मार्गदर्शनाने उपकृत’. त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. कधी उदास वाटलं की काढून वाचते, बरं वाटतं. एवढं करून जर्नलने पेपर छापला नाही तो नाहीच.

निवृत्तीनंतर लोक योगाच्या वर्गाला जातात. मी काठ्या घेऊन सातपाटीला जाते. रिक्षावाले ओळखतात; काठ्या बाहेर काढून धरा, पण समोरच्याच्या डोळ्यात घालू नका, एवढंच सांगतात. टोपी गेली, बूट गेले, साडी वर खोचलेली असते. आणि वर्षानुवर्षं मोजल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसली. ज्या घराने मासळीचा धंदा बंद केला त्यांच्या खळ्यासमोर उंचवटा येत नाही. शेजारच्या घरासमोर येतो. आणि पुढच्या पावसाळ्यात समुद्र खवळला की आधी हीच वर आणलेली वाळू ओढली जाते, तोवर खळ्यांमागे लाटा अडवायला बांधलेल्या बंधाऱ्याचा पाया झाकलेला राहतो. म्हणजे किनाऱ्याच्या येण्याजाण्यात बायकांच्या पाट्यांचा हिस्सा आहे. समुद्राच्या मानाने लहान, पण आहे. हे मी निबंधाच्या शेवटच्या भागात लिहिलं. माझ्या मते निबंधात नवीन असं तेवढंच होतं.

परीक्षकांचे अभिप्राय आले तेव्हा सुनेने मला पालघरला फोन करून वाचून दाखवले. पहिले परीक्षक सज्जन. सज्जन माणूस की सज्जन बाई हे कळायची सोय नसते. नकाशावर उत्तर दिशा दाखवा, अमुक आलेखाची अक्षरं मोठी करा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या परीक्षकांनी लिहिलं होतं की काम चिकाटीचं आहे, पण किनाऱ्याच्या वरच्या भागातली शरदातली वाढ ही मानवी ढवळाढवळ असून ती काढून टाकावी आणि नैसर्गिक प्रक्रियेचं विश्लेषण नव्याने करावं.

सून वाचायची थांबली. मी रडते की काय असं तिला वाटलं असावं. ती दुसरी, टोपीवाली, नक्की रडली असती. मी चहाचं आधण ठेवलं आणि तिला म्हटलं, पुन्हा वाच, सावकाश.

अशा अभिप्रायांना उत्तर द्यायची एक रीत आहे. परीक्षकांचं एकेक वाक्य घ्यायचं, खाली त्यांचे आभार मानायचे, आणि सूचनेनुसार बदल केला आहे असं लिहायचं. उत्तर दिशेबद्दल मी पहिल्या परीक्षकांचे मनापासून आभार मानले. ती खरंच राहून गेली होती. दुसऱ्यांच्या वाक्याखाली मी सुनेला लिहायला सांगितलं, “हा बदल केलेला नाही.”

“आई, निदान ‘नम्रपणे’ तरी घालू?”

“घाल. एकदाच.”

पण केला नाही म्हणायचं तर पुरावा हवा. आतापर्यंत मी महिन्याच्या महिन्याला मोजत होते; पाट्यांच्या आधी आणि पाट्यांच्या नंतर असं लागोपाठ कधी मोजलं नव्हतं. संपादकांकडून मुदत वाढवून घेतली, आणि पाऊस उघडून खळ्यांची कामं निघाल्याबरोबर सातपाटीला भावाच्या घरी जाऊन राहिले. सकाळी बायका उतरायच्या आत मोजायचं, त्यांचं काम संपलं की पुन्हा मोजायचं.

भावजय माझ्यापेक्षा वयाने थोडी लहान आणि तोंडाने पुष्कळ मोठी. मी पायरीवर काठ्या घेऊन बसलेली तिला बघवेना.

“मास्तरीणबाय, बगत काय बसलीस? काठी ठेव नि पाटी घे.”

मी पाटी घेतली. लहानपणी घेतली होती, त्यानंतर थेट आता. ओली वाळू डोक्यावर आली की मान आत जाते आणि पाणी पाठीवरून कमरेपर्यंत उतरतं. बायका दोन्ही बाजूंनी पुढे निघून जात होत्या, जाता जाता माझ्या चालीवर काहीबाही बोलत होत्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. निम्म्या वाटेत माझा तोल गेला आणि सगळी पाटी माझ्याच मोजणीच्या रेषेवर उलटी झाली. आता तो ढीग तसाच राहिला तर मोजणीत येणार. उचलला तर मी आकड्यांत ढवळाढवळ केली असं होणार. मी तो तसाच ठेवला, मोजला, आणि तक्त्याखाली टीप दिली: या ठिकाणचा उंचवटा लेखिकेने पाडलेल्या पाटीचा आहे.

संध्याकाळी आकडे मांडत बसले होते तर भावजय माझ्या खांद्यावरून डोकावली. काय लिहिते आहेस, म्हणाली. मी सांगितलं की तुम्ही वाळू वर नेता ते लिहिते, परदेशातले लोकसुद्धा वाचतील. तिला ते मुळीच आवडलं नाही.

“कागदात आमचं नाव नको घालू हां. उद्या तहसीलदार येल विचारायला, वाळू कोनी उचलली.”

मी समजावलं की ही वाळू गावाबाहेर जात नाही, विकली जात नाही. तुम्ही वर नेता, पावसाळ्यात समुद्र खाली नेतो.

“मंग समुद्राचं नाव घाल,” ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला निघून गेली.

नवे आकडे, नवे आलेख घालून निबंध परत पाठवला. पुराव्यात खोट नव्हती. सकाळचा किनारा, संध्याकाळचा किनारा, मधे भरती वरपर्यंत आलेली नाही; वाळू वाढली ती फक्त पाट्यांनी. यावर कोण काय म्हणणार, अशा थाटात मी होते.

संपादकांचं पत्र अतिशय सभ्य होतं. पुरावा ग्राह्य आहे, असं दुसऱ्या परीक्षकांनीही मान्य केलं होतं. पण त्यांचं मत कायम होतं: वाढ माणसांनी केली हे सिद्ध झालं, म्हणजे ती वगळायला हवी हेही सिद्ध झालं. तो भाग काढल्यास निबंध स्वीकारण्यात येईल. न काढल्यास पुढे नेता येणार नाही.

इथे मी शूरपणाचा आव आणणार नाही. त्या जर्नलमध्ये आपलं नाव मरायच्या आत पाहायचं, ही माझी इच्छा फार जुनी आहे. टोपीवालीची होती आणि माझीही आहे. कॉलेजच्या वाचनालयात त्याचे अंक यायचे तेव्हा मी ते हात धुऊन उघडत असे. आता दार उघडं होतं. फक्त शेवटची पानं बाहेर ठेवून आत यायचं होतं.

मुलगा म्हणाला, छापून येऊ दे, आई, मग भांड हवं तेवढं. सुनेचं म्हणणं जास्त शहाणपणाचं होतं.

“काढा तो भाग. बाकीचा पेपर पक्का आहे. पाट्यांचा वेगळा पेपर करू आपण.”

मी म्हटलं, आधी काढून दाखव, कसा दिसतो बघू. तिने आश्विन-कार्तिकातले वरचे आकडे काढले आणि आलेख नव्याने काढून माझ्यापुढे ठेवला. देखणा होता. पावसाळ्यात रेघ खाली जाते, हिवाळ्यात वर येते, मधे कुठे खाच नाही, गाठ नाही. शाळेच्या पुस्तकात छापावा असा समुद्र. येतो आणि जातो, त्याला कुणाची ओळखदेख नाही. त्या किनाऱ्यावर कुणी राहतच नव्हतं. आजीपासूनच्या सगळ्या पाट्या गेल्या होत्या, मी पाडलेला ढीगसुद्धा गेला होता. आणि हा आलेख मी पूर्वी पाहिला होता. टोपीवालीने पोस्टाने पाठवला होता तो हाच.

मला एकदम राग आला. दुसऱ्या परीक्षकांचा नव्हे. ते बिचारे कुठेतरी बसून नियमाप्रमाणे बोलत होते. राग आला तो ‘नैसर्गिक’ या शब्दाचा. समुद्राने आणलेली वाळू नैसर्गिक आणि बाईने आणलेली वाळू ढवळाढवळ. लाट येते तेव्हा ती दोन्ही वाळू सारखीच ओढून नेते, ही कुणाची ती कुणाची असं विचारत नाही. मग मी का विचारू? भू म्हणजे काय फक्त माणसांनी हात न लावलेली भू? तशी आमच्याकडे शिल्लकच नाही. वेगळा पेपर म्हणे. समुद्राचा एक, बायकांचा एक. किनारा एकच आहे.

“मागे घ्यायचा,” मी म्हटलं.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. त्या संकेतस्थळावर निबंध मागे घ्यायचं एक बटण असतं, तेही दाबल्याबरोबर कारण विचारतं. तिने कारणाची चौकट उघडली. मी सांगितलं आणि तिने इंग्रजीत लिहिलं की सुचवलेला बदल केल्यास हा निबंध खोटा होईल, म्हणून तो आम्ही परत घेत आहोत. या वेळी ‘नम्रपणे’ घालू का, असं तिने विचारलं नाही.

“दाबू?”

“दाब.”

दाबलं. पुढे काही झालं नाही. बाहेर कॉलनीतली मुलं हिंदीत भांडत क्रिकेट खेळत होती. सून उठली, तिने डब्यातून बोंबलाची चटणी काढली, भाकरी काढली, आणि आम्ही दोघी जेवायला बसलो. मला वाटलं होतं वाईट वाटेल. थोडं वाटलं. जेवण झाल्यावर मी तिला म्हटलं, आता दुसरं जर्नल उघड.

हे दुसरं लहान आहे. वाचनालयात त्याचे अंक कधी आले नव्हते, म्हणून हात धुवायचाही प्रश्न आला नाही. पाट्यांचा भाग शेवटी होता तो आम्ही उचलून सुरुवातीला आणला. संस्थेचा रकाना आला तेव्हा सुनेने मला न विचारता ‘सातपाटी’ असं भरलं. पान उघडलं.

बरेच महिने गेले. मग अभिप्राय आले. तिथल्या एका परीक्षकांचा एकच प्रश्न होता: एका पाटीत किती वाळू मावते, आणि ते वजन ओल्या वाळूचं की कोरड्या? मी तो प्रश्न सुनेकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलेला पहिला बरोबर प्रश्न. आणि त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. पाट्या मोजल्या होत्या, वाळूची उंची मोजली होती; पाटी जोखली नव्हती.

सून रजा घेऊन आली. कारखान्यात पोती तोलतात तसला काटा कुणाकडून तरी मागून आणला होता. खळ्यावर मांडला, तर बायकांत कुणाची पाटी धरायची यावरून जुंपली. भावजय सगळ्यांना ढकलून पुढे आली, पाटी एवढी भरलेली की वाळू काठावरून ओघळत होती.

“माजीच पाटी जोख. हिची अर्दी असते, नुसती ठुमकत येते.”

ठुमकत येणारीने ते ऐकून घेतलं नाही. शेवटी सगळ्यांच्या पाट्या जोखल्या, ओल्या जोखल्या, वाळवून पुन्हा जोखल्या, आणि सरासरी काढली. भावजयीला सरासरी हा प्रकार अन्याय वाटला. माझं मतही फार वेगळं नव्हतं, पण तसं लिहिता येत नाही.

निबंध छापून आला. टिपेसकट. लेखिकेने पाडलेली पाटी आता जगात कुठेही वाचता येते. सुनेने पानं छापून दिली, ती घेऊन मी सातपाटीला गेले. भावजय जवळा पालथत होती. तिने हात पदराला पुसले आणि आलेख उजेडाकडे धरला.

“यात आमी कुठं हाय?”

मी बोट ठेवून आश्विन-कार्तिकातला उंचवटा दाखवला. तिने पान जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं.

“एवडासाच?” ती म्हणाली. “आनी माजी मान आखडली ती कुठं हाय?”

मी तिला सांगितलं, काठ्या आणल्या आहेत, ये, तीही मोजू.